संकल्प आणि हट्ट

हाती घेतलेले काम तडीस न्यावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. साधनेतही संकल्पाला मोठे स्थान आहे. मग ध्येय डोळ्यांसमोर दिसत असताना मागे फिरणे हा संकल्पभंग ठरतो का? हा प्रश्न नीट समजून घेण्यासाठी डोंगरातल्या एका दिवसाचे उदाहरण घेऊ.

हिमाचल प्रदेशात धर्मशाळेच्या वर धौलाधारची रांग उभी आहे. तिच्यात इंद्रहार ही ४,३४२ मीटर उंचीची खिंड आहे. कांगडा आणि चंबा यांना जोडणारी ही वाट गद्दी मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. ट्रेकला जाणारे बहुधा त्रिउंडच्या वर, लाहेश गुहेजवळ मुक्काम करतात. तिथून पहाटे निघून खिंड गाठायची आणि त्याच दिवशी खाली उतरायचे, असा तो दिवस असतो. अंतर फार नाही, पण मोठमोठ्या दगडांतून आणि उभ्या कातळावरून सुमारे ८०० मीटर चढायचे असते.

समजा, तुम्ही असा दिवस आखत आहात. नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशेब सांगितला होता: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. हिमालयात हा हिशेब अपुरा पडतो. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो आणि पावले मंदावतात. शिवाय धौलाधार मैदानातून एकदम उंच उठते, त्यामुळे दुपारी ढग दाटून येतात. म्हणून जाणकार आणखी एक गोष्ट ठरवून ठेवतात, ती म्हणजे परतीची वेळ. उदाहरणार्थ, अकरा वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचे, मग खिंड शंभर पावलांवर का असेना.

ही वेळ खालीच का ठरवायची? कारण वर गेल्यावर ठरवणारे मनच बदललेले असते. विरळ हवेत विचारशक्ती मंदावते. त्यात थकवा असतो, खर्च केलेले पैसे आठवतात, सोबत्यांसमोरची प्रतिष्ठा आठवते. त्या क्षणी मन म्हणते, ‘आता इतके आलोच आहोत, तर थोडेच उरले आहे.’ हे वाक्य आपल्याला डोंगरावर न जाताही ओळखीचे आहे. भांडणात, व्यवहारात आणि महत्त्वाकांक्षेच्या वाटेवर आपण ते कितीदा तरी स्वतःला ऐकवतो!

१९९६ मध्ये ग्योरान क्रोप हा गिर्यारोहक स्वीडनहून सायकलने नेपाळला आला आणि कृत्रिम प्राणवायूशिवाय एव्हरेस्ट चढू लागला. शिखर जवळ दिसत असताना उशीर झाला म्हणून तो मागे फिरला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १० मे रोजी, काही गट परतीची वेळ उलटूनही चढत राहिले. वादळ आले आणि आठ जणांचे प्राण गेले. क्रोप त्याच महिन्यात पुन्हा चढला आणि शिखरावर पोहोचला. तो पोहोचला नसता, तरी त्याचा पहिला निर्णय तितकाच योग्य ठरला असता.

गीतेच्या अठराव्या अध्यायात धृतीचे, म्हणजे धरून ठेवण्याच्या शक्तीचे, तीन प्रकार सांगितले आहेत. मन, प्राण आणि इंद्रिये यांना आवरते ती सात्त्विक. फळाच्या आसक्तीने धरून ठेवते ती राजस. भय, विषाद आणि मद सोडत नाही ती तामस. बाहेरून तिन्ही चिकाटीच दिसतात. संकल्प आणि हट्ट यांतला फरक इथेच आहे. संकल्पात आपण मनाला आवरतो, हट्टात मन आपल्याला ओढत नेते.

इथे एक रास्त शंका येते. मागे फिरण्याला विवेक म्हटले, तर आळसालाही तेच नाव देता येईल. पहाटे ध्यानाला न उठणाराही म्हणेल, ‘मी शरीराचे ऐकले.’ म्हणूनच आधी ठरवलेला नियम उपयोगी पडतो, कारण तो दोन्ही बाजूंनी बांधतो. अकराला लोभ पुढे ओढत असेल, तर तो थांबवतो. नऊला केवळ कंटाळा मागे ओढत असेल, तर चालत राहायला सांगतो. वीज कडाडू लागली, कोणाचे डोके सतत दुखू लागले किंवा मळमळू लागले, तर मात्र अकराची वाट पाहायची नाही. निर्णय सोयीसाठी घेतला की खऱ्या कारणासाठी, हे आपले अंतःकरण जाणत असते.

आणखी एक बाजू आपण विसरतो. डोंगरावर कोणी एकटा संकटात सापडत नाही. तुमच्यासाठी स्थानिक वाटाड्या थांबतो, अंधारात शोधायला गावातली माणसे निघतात, घरी कोणीतरी फोनकडे डोळे लावून बसते. माझ्या निश्चयाची किंमत दुसऱ्याला प्राणाने मोजावी लागणार असेल, तर ते तप नव्हे. अहिंसा मानणाऱ्याने हा प्रश्न चढण्याआधीच स्वतःला विचारायला हवा. गटातला सर्वांत हळू चालणारा सोबती हाच त्या दिवसाचा खरा हिशेब असतो. त्याला मागे टाकून गाठलेली खिंड कोणाच्या कामाची?

म्हणून पुढच्या वेळी कोणताही कठीण संकल्प कराल, मग तो डोंगराचा असो, उपवासाचा असो वा नव्या कार्याचा, तेव्हा शांत मनाने दोन गोष्टी लिहून ठेवा: मी कुठवर जाईन आणि कोणती खूण दिसली की थांबेन. तो कागद एखाद्या सोबत्याला वाचायला द्या आणि वेळ येईल तेव्हा त्याचे ऐका. प्रयत्न पूर्ण करणे आपल्या हाती आहे, खिंड मिळणे नाही. मागे फिरताना मनात कोणाबद्दल राग नसेल, स्वतःबद्दल कीव नसेल आणि उद्या पुन्हा निघण्याची तयारी असेल, तर संकल्प मोडलेला नाही, असे खुशाल समजा.