पांढऱ्या बदकाचा प्रश्न

माझ्या एका अमेरिकन सहकाऱ्याच्या दिवाणखान्यात पेंढा भरलेले मॅलार्ड बदक आहे. या नराचे डोके एरवी हिरवेगार असते. हे मात्र अंगभर पांढरट, शेपटीची वळलेली पिसे तेवढी नराची. डोळे काळेच होते म्हणे. म्हणजे पूर्ण अल्बिनो नव्हे, पिसांत रंगद्रव्य कमी पडले, एवढेच.

वाल्मीकींचा क्रौंच आठवून शिकाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण कोंबडी मीही खातो. शिवाय इथल्या शिकाऱ्यांना १९३४ पासून जो ‘डक स्टॅम्प’ घ्यावा लागतो, त्याच्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात. मी तो कधी घेतलेला नाही.

खटकते ते वेगळेच. पोटासाठी मारणाऱ्याला पांढरे काय, हिरवे काय! हे बदक थव्यातून निवडले गेले ते निराळे आणि सुंदर म्हणून. आवडले म्हणून मारले, याला कौतुक म्हणायचे की हाव?

आणि ज्ञानासाठी मारले तर? १८२२ मध्ये लुईझियानात मिळालेले असेच एक आगळे बदक चित्रकार ऑड्युबॉनने रंगवले आणि पुढे नवी जात समजून त्याला आपला मित्र ब्रूअर याचे नाव दिले. ती निघाली मॅलार्ड आणि गॅडवॉल या दोन जातींची मिश्र संतती! त्या काळी पक्षी हातात घेतल्याशिवाय अभ्यास होत नसे. आज कॅमेरा असताना ती सबब मला पटत नाही.

सहकाऱ्याला विचारले, “हे नेहमीच्या रंगाचं असतं तर?”

तो जरा थांबला. “त्या दिवशी पुरेशी मिळाली होती. बहुतेक जाऊ दिलं असतं.”