झीज आणि ऋण

मुळशी तालुक्यात, पौडाच्या पलीकडे ताम्हिणीच्या अंगाला, सारा जन्म भातखाचरांत घालवलेल्या एखाद्या वृद्धेपाशी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, तर ‘भोग आहेत, भोगलेच पाहिजेत’ एवढीच कैफियत बहुधा ऐकावयास मिळते. प्रारब्धाच्या सिद्धान्ताने या देशातील असंख्य दुःखितांना धीर दिला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि ज्या दुःखाचे कारण प्रत्यक्ष प्रमाणाने दाखवता येते, तेही पूर्वजन्माच्या खात्यावर बिनदिक्कत टाकावे काय, हा प्रश्न अस्थिशल्यविशारदांच्या संशोधनाने आपल्यापुढे उभा केला आहे.

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगी जेथे भिडतात, तेथे दोन्हींच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. तिला रक्तवाहिन्या नसल्याने एकदा झिजली की ती पूर्ववत भरून येत नाही. दोन हाडांमध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांना निरुपयोगी अवशेष ठरवणारे विद्वान होते, आणि पुढे कित्येक वर्षे फाटलेली गादी शल्यवैद्य समूळ काढून टाकीत. १९४८ साली फेअरबँक या इंग्रज शल्यवैद्याने अशा गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे तपासून दाखवले की, गादी गेलेल्या बाजूस सांध्यातील अंतर कमी होते आणि हाडाला कंगोरे फुटतात. निरुपयोगी म्हणून जिची गणना झाली होती, ती मुकाट्याने भार वाहत होती.

मुळशीच्या वृद्धेचा भारही असाच हिशेबाबाहेर राहिला आहे. राबातली रोपे उपटताना उकिडवे बसणे, त्यांच्या जुड्या डोक्यावर घेऊन निसरड्या बांधांवरून उतरणे, मग वाकून लावणी आणि पुन्हा बसून बेणणी, असा तिचा पावसाळा जातो. वय, वजन आणि आनुवंशिकता यांचा वाटा आहेच. परंतु दीर्घकाळ उकिडवे बसण्याने व ओझी उचलण्याने गुडघ्याच्या संधिवाताचा धोका वाढतो, असे श्रमिकांच्या पाहण्यांतून दिसून आले आहे. म्हणजे तिच्या ‘भोगा’त पुण्याच्या ताटातील आंबेमोहराचा अंश आहे. झिजणारा एक आणि फळ घेणारा दुसरा, हा व्यवहार या खोऱ्याला नवा नाही. १९२१ साली सेनापती बापटांनी येथे सत्याग्रह मांडला, तोही मुंबईच्या विजेसाठी मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाऊ नयेत म्हणूनच. चंदनासारखे झिजावे, असा उपदेश आपण मोठ्या गौरवाने करतो. मात्र गंध कोणाच्या कपाळी लागले, याची नोंद ठेवत नाही.

झिजलेला सांधा बदलण्याची विद्या आता सिद्ध झाली आहे. न्यूयॉर्क येथे इन्सॉल आणि चित्तरंजन राणावत यांनी १९७४ च्या सुमारास आधुनिक कृत्रिम गुडघ्याचा पाया घातला. याच राणावतांनी पुढे २००० आणि २००१ साली मुंबईत पंतप्रधान वाजपेयींचे गुडघे बदलले. आणि पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय रुग्णांच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून ‘इंडस’ हा स्वदेशी गुडघा घडवला. परंतु कोबाल्ट-क्रोमियमच्या टोपणाखाली बसवलेले प्लास्टिकही कालांतराने झिजते, त्याच्या सूक्ष्म कणांनी चेतवलेल्या पेशी भोवतालचे हाड कुरतडतात आणि सांधा सैल होतो. झीज हा देहाचाच नव्हे, धातूचाही धर्म आहे. शास्त्र तिची मुदत लांबवील, ती माफ करणार नाही.

मग धर्मविचाराने करावे काय? शतपथब्राह्मणाने देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यऋणही सांगितले आहे, आणि ते आश्रय व अन्न देऊन फेडावयाचे असते. ज्यांनी आपल्याला अन्न दिले, त्यांचे ऋण निराळ्या रीतीने फेडणे प्राप्त आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीस मर्यादा घातली, हा त्या फेडीचा एक हप्ता म्हणता येईल. बसून करावयाची कामे उभ्याने करता येतील अशी अवजारे बांधापर्यंत पोहोचणे आणि तालुक्यातच वेळेवर उपचार मिळणे, हे पुढचे हप्ते. अटळ झीज धैर्याने सोसावी, हे प्रारब्धवादाचे शिकवणे मान्य करूनही म्हणावे लागते की, टाळता येण्याजोगी झीज दुसऱ्याच्या माथी मारून तिला प्रारब्ध म्हणण्याचा अधिकार फळ खाणाऱ्याला नाही. तो शब्द उच्चारण्याचा अधिकार असलाच तर केवळ सोसणाऱ्याला आहे.