ही वस्तू कुणाची?

वसईच्या वाड्यांतील जुनी कौलारू घरे पाडून तेथे इमारती उभ्या राहू लागल्या, तेव्हापासून एक प्रश्न आपल्या घरोघरी येऊन ठेपला आहे. माळ्यावरून तांब्याचा हंडा उतरतो, घंगाळ उतरते, लाकडी पेटारा उतरतो. पेटाऱ्याच्या तळाशी आजीचे लाल लुगडे असते. येशूच्या पवित्र हृदयाची काळवंडलेली तसबीर, तुटक्या जपमाळा, वाळक्या झावळ्या, हे सारे दोन खोल्यांच्या सदनिकेत मावणार नाही हे उघड आहे. मग ठेवायचे काय, आणि कशाच्या आधारे?

जपानच्या मेरी कोंडो यांनी यावर एक सोपी कसोटी सांगितली आहे. त्यांचे पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आले आणि जगभर गाजले. प्रत्येक वस्तू हाती घ्यावी. आनंद वाटला तर ठेवावी, न वाटल्यास तिचे आभार मानून निरोप द्यावा. आभार मानण्याची कल्पना आम्हांला मनापासून आवडली. कसोटी मात्र अपुरी वाटते, कारण वस्तू हाती घेणाऱ्याच्या मनापलीकडे ती कुणालाच विचारीत नाही. ही मला आवडते का, याआधी ही कुणाची, असा प्रश्न ख्रिस्ती माणसाला पडावयास हवा.

चौथ्या शतकात संत बेसिल यांनी लूकच्या शुभवर्तमानातील मूर्ख श्रीमंताच्या दाखल्यावर प्रवचन केले. कोठारे पाडून मोठी बांधू पाहणारा तो माणूस आपल्या ओळखीचा आहे. पेटीत पडून राहिलेला अंगरखा मुळात उघड्या माणसाचाच, असा त्या प्रवचनाचा आशय. म्हणजे कपाटातील जादा चादर देताना आपण दान करीत नसून उशिरा परतफेड करीत असतो. परतफेडीत विटके, बटणे तुटलेले कपडे कसे चालतील? गोरगरिबांसाठी म्हणून आपण बांधतो त्यातील काही गाठोडी, स्पष्ट बोलायचे तर, केरच असतो.

आशीर्वादित वस्तूंचा प्रश्न त्या मानाने सोपा. त्या खाजगी मालकीच्या असल्या तरी त्यांचा आदर राखावा, असे १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यातील कलम ११७१ सांगते. तुटकी जपमाळ पुरावी, जीर्ण तसबीर जाळावी. झावळ्यांच्या रविवारची झावळी तर वर्षभर मानाने राहते आणि पुढल्या राखेच्या बुधवारी राख होऊन आपल्याच कपाळी लागते.

अवघड प्रसंग येतो तो घरची म्हातारी आई हयात असताना. तिला त्रास नको म्हणून चार दिवस लेकीकडे पाठवतात. इकडे भंगारवाला येतो आणि हंडा किलोच्या भावाने जातो. हेतू प्रेमाचा असेलही. पण जे आपले नव्हते ते आपण विकले, हे त्याने बदलत नाही. अशा वेळी चौथी आज्ञा सर्वांना आठवते, सातवीही आठवावी. विचारले तर पुष्कळदा आईच मोकळ्या मनाने सांगते, हंडा नातीला द्या, घंगाळ कुणालाही द्या, लुगडे तेवढे माझ्या उशाशी राहू द्या. तो हंडा कुठल्या विहिरीवरून किती वर्षे भरून आणला, हेही मग ती सांगू लागते. एक दुपार त्याला पुरणार नाही. घर रिकामे करण्याची मुदत आठ-पंधरा दिवसांनी वाढवून मागता येते.