डोंगरावरचा देव आणि पायी चालणारा देह

ईश्वर सर्वव्यापी असेल तर त्याच्या दर्शनासाठी डोंगर का चढावा, हा प्रश्न तत्त्वचिंतकांनी वारंवार विचारला आहे. परंतु बेळगाव-निपाणी परिसरात तो दरवर्षी रस्त्यावरही उभा राहतो. उत्तरेस कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीवरील जोतिबा आणि पूर्वेस सौंदत्तीच्या डोंगरावरील यल्लम्मा यांच्या वाटा याच पट्ट्यातून जातात, निपाणीजवळचे स्तवनिधी हे जैन क्षेत्रही येथल्याच टेकड्यांमध्ये वसलेले आहे, आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेने आखलेली सीमा या वाटांना अडवू शकलेली नाही.

महाभारताच्या वनपर्वातील तीर्थयात्रापर्वात या प्रश्नाचे एक करुणामय उत्तर आढळते. यज्ञाला पुष्कळ द्रव्य व साधने लागतात, ती दरिद्री माणसाजवळ नसतात, म्हणून त्याच्यासाठी तीर्थगमन हे यज्ञाहून श्रेष्ठ साधन होय, असे तेथे प्रतिपादन असून हात, पाय आणि मन ज्याच्या ताब्यात आहेत त्यालाच तीर्थाचे फळ लाभते, अशी अटही घातली आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी याच दारिद्र्यापासून आरंभ करून उलट दिशा धरली: धनवान देवालय बांधू शकतो, निर्धनाने आपला देहच देवालय मानावा, कारण स्थावर, म्हणजे बांधून उभे केलेले, नाश पावते आणि जंगम, म्हणजे चालते-बोलते चैतन्य, टिकते. वरवर पाहता एक मत देवाकडे जाण्यास सांगते आणि दुसरे जाण्याची गरजच नाकारते. तथापि पाठीवर शिध्याचे गाठोडे घेऊन चालणाऱ्या यात्रेकरूच्या ठिकाणी ही दोन्ही मते एकत्र येतात, कारण त्याच्याजवळ अर्पण करण्याजोगा देहच असतो आणि तो देह चालत असतो.

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत जोतिबाला गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा वाहतात. दवणा हे शोभेच्या बागेतले फूल नव्हे, तर शेताच्या वाफ्यात वाढणारी सुवासिक वनस्पती होय; चैत्रात देवाला दवणा अर्पण करण्याचा विधी धर्मशास्त्रातही सांगितला आहे. विद्यमान मंदिर 1730 मध्ये राणोजी शिंद्यांनी उभारले, हे खरे. पण त्या वैभवशाली शिखराखाली कुणब्याने आणलेली हिरवी जुडीच पूजेला पूर्णता देते.

ऐश्वर्य, लोभ वा मोहाने वाहनातून जाणाऱ्याची यात्रा निष्फळ ठरते, असे मत्स्यपुराण प्रयागाच्या संदर्भात म्हणते, आणि बैलावर बसून जाणाऱ्याची तर ते कठोर निंदा करते. बेळगाव भागातील काही भाविक मात्र आजही बैलगाड्या जोडून जोतिबाला जातात. गाडीत शिधा आणि चारा असतो, थकलेली माणसे बसतात, इतर बरोबरीने चालतात. तेव्हा ऐश्वर्याचा आक्षेप त्यांना लागू पडत नाही, असे मानणे युक्त ठरेल. बैलांच्या कष्टाचा आक्षेप तितक्या सहज दूर होत नाही, कारण स्वतःच्या पायांचे दुःख स्वेच्छेने पत्करता येते, जनावराच्या वतीने मात्र ते कोणालाही पत्करता येत नाही.