आनंद हीच तटबंदी

आपल्या नाशिक परिसरातील कोणत्याही कॅथोलिक कुटुंबात जावे, तर दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात पवित्र बायबलचा ग्रंथ हमखास दृष्टीस पडतो. कोणाला तो लग्नात आहेर म्हणून मिळालेला असतो, कोणाच्या मुलाला प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी भेट आलेला असतो. तान्हे बाळ झोपेत दचकू लागले, की आजी तोच ग्रंथ त्याच्या उशाशी ठेवते. घराच्या चौकटीवर एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातील संरक्षणाचे वचन लावलेले असते. यात हसण्याजोगे काही नाही. देवाच्या शब्दात रक्षण आहे, ही भावना आपल्या पूर्वजांनी आपल्या हाती दिलेली आहे आणि ती खोटी नाही.

परंतु २०२१ सालच्या उन्हाळ्यात महामारीची दुसरी लाट आली, तेव्हा या भावनेची कठोर परीक्षा झाली. आमच्या परिचयातील एका ताईंचे यजमान त्या दिवसांत गेले. अंत्यविधीला चार माणसेही जमू शकली नाहीत. काही आठवड्यांनी आम्ही त्यांना भेटावयास गेलो, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "आमचं घर रोज रात्री वचन वाचणारं. एक दिवस खंड नाही. मग त्या वचनानं आमचं रक्षण कुठं केलं?" त्या दिवसापासून त्यांनी बायबल मिटून कपाटात ठेवले होते. आमच्यापाशी उत्तर नव्हते. धीराचे चार शब्द बोलून आम्ही परतलो. पण त्यांचा प्रश्न आमच्याबरोबर घरी आला. देवाच्या शब्दाचे वाचन-मनन खरोखर रक्षण करते काय? करीत असल्यास कशापासून?

या प्रश्नाचा विचार जगात सर्वांत दीर्घकाळ कोणी केला असेल, तर तो यहुदी समाजाने. 'तोरा' या हिब्रू शब्दासाठी आपल्या मराठी बायबलमध्ये 'नियमशास्त्र' हा शब्द रूढ आहे. परंतु त्याचा मूळ अर्थ 'शिकवण' असा आहे. नियम म्हटले की धाक येतो; शिकवण म्हटले की शिकवणारा येतो आणि त्याच्याविषयीचे प्रेमही येते. यहुदी परंपरेत तोराचे अध्ययन ही केवळ विद्या नव्हे, उपासनाच आहे. ते मनातल्या मनात करावयाचे नसते. मोठ्याने वाचायचे, जोडीदाराशी वाद घालायचा, प्रश्नाला प्रतिप्रश्न करायचा, अशी त्याची रीत आहे. सभास्थानात तोराचे वर्षभर क्रमवार वाचन चालते. मांडवांचा सण संपताच 'सिम्हात तोरा', म्हणजे तोराच्या आनंदाचा दिवस येतो. त्या दिवशी शेवटचा भाग वाचून होतो आणि लगेच उत्पत्तीचा पहिला अध्याय सुरू होतो. तोराच्या गुंडाळ्या हातांत घेऊन आबालवृद्ध नाचतात. पारायणाची समाप्ती आणि प्रारंभ एकाच दिवशी! पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी निघालेल्या दिंड्या आपण नाशिककर दरवर्षी पाहतो. मुखात शब्द असताना पायांनाही आनंद होतो, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको.

तालमूद या यहुदी ग्रंथात दावीद राजाची एक कथा आहे. आपला मृत्यू शब्बाथाच्या दिवशी येणार, हे दाविदाला कळले. तेव्हापासून प्रत्येक शब्बाथाला तो दिवसभर अध्ययन करीत बसू लागला. नेमलेला दिवस आला. पण त्याच्या मुखातील देवाचा शब्द थांबेना, म्हणून मृत्युदूताला त्याच्याजवळ जाता येईना. अखेर दूताने मागच्या बागेतील झाडे हलवली. आवाज कसला, हे पाहण्यासाठी दावीद उठला, पायरी उतरताना ती पायाखाली मोडली, क्षणभर तो गप्प झाला आणि त्या क्षणी मृत्यूने त्याला गाठले. याच कथेच्या आसपास तेथील गुरुजन आणखी एक गोष्ट सांगतात. देवाचे सान्निध्य खिन्नतेत उतरत नाही, आळसात उतरत नाही आणि थिल्लरपणातही नाही; देवाची आज्ञा पाळण्यातला जो आनंद, त्यात ते उतरते.

कथा गोड आहे. परंतु तीतून कोणी असा अर्थ काढील, की वाचीत राहा म्हणजे मरण येणार नाही, तर त्याच तालमूदात दुसरी कथा त्याची वाट पाहत आहे. दुसऱ्या शतकात रोमन सत्तेने तोरा शिकवण्यास बंदी घातली. हनिना बेन तेरादियोन नावाच्या गुरूंनी उघडपणे शिकवणे सोडले नाही. सैनिकांनी त्यांना त्यांच्याच तोराच्या गुंडाळीत लपेटून जिवंत जाळले. शिष्यांनी विचारले, "गुरुवर्य, आपल्याला काय दिसते?" चर्मपत्र जळते आहे, पण अक्षरे वर उडत आहेत, असे त्यांनी सांगितले. आणखी एके ठिकाणी, अध्ययन हे ढालीसारखे रक्षण करते असे म्हणणाऱ्याला प्रश्न केला आहे: मग दवेग आणि अहिथोफेल यांचे काय? दोघेही शिकलेलेच होते ना? एकाने याजकांची कत्तल केली, दुसऱ्याने दाविदाचा विश्वासघात केला. ज्या लोकांनी शब्दाच्या सामर्थ्याची एवढी थोरवी गायिली, त्यांनीच हे अवघड प्रश्नही पुसून न टाकता जपून ठेवले, याचे आम्हांला मोठे मोल वाटते.

यहुदी म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर दूरचे यरुशलेम उभे राहते. परंतु मराठी बोलणारे यहुदी शतकानुशतके आपल्या शेजारी राहत आले आहेत. रायगड जिल्ह्यातील अलिबाग परिसरातील बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते, की नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे ही मंडळी तेल गाळण्याचा धंदा करू लागली. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. हिब्रू भाषा विसरली गेली होती. उरली होती ती 'शेमा इस्राएल' ही प्रार्थना, शब्बाथ, सुंतेचा विधी, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि मराठी नावे धारण केलेले सण: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. हाती ग्रंथ नसताना एवढ्याशा शब्दांच्या आधारावर एक समाज टिकून राहिला!

आणि पुन्हा ग्रंथ हाती आला, तेव्हा या समाजाने त्याचे स्वागत कसे केले? डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाच्या विधीचा ग्रंथ, हागादा, मराठी अर्थासह छापला गेला. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे करण्यात आयुष्य वेचले. १८८० च्या सुमारास तर बेने इस्राएल मंडळींनी मराठी कीर्तनच उभे केले. आब्राहाम, योसेफ यांची चरित्रे पूर्वरंग-उत्तररंगाच्या मराठमोळ्या परंपरेत गायिली जाऊ लागली. लहान मुले जे मांडी घालून शिकली नसती, ते टाळांच्या नादात शिकली. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले, पण मराठी त्यांच्याबरोबर गेली.

आपल्या घरातही अशीच एक कथा आहे. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्या शतकात त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. पण १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवर बंदी घातली. आज त्या शतकातील एकही छापील प्रत उपलब्ध नाही. मग पुराण वाचले कसे? ते गाणाऱ्या कुटुंबांनी हाताने नकलून घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या जपले. त्या हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला नवी आवृत्ती निघू शकली. ज्यांना त्या ओव्यांची गोडी होती, त्यांनी शब्दाचे रक्षण केले आणि शब्दाने त्यांचे.

येथे नहेम्याच्या ग्रंथातील प्रसंग आठवतो. बंदिवासातून परतलेले लोक पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले आहेत. एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचीत आहे, लेवी त्याचा अर्थ समजावून देत आहेत. ऐकता ऐकता लोक रडू लागतात. तेव्हा त्यांना सांगितले जाते, की रडू नका; घरी जा, गोडधोड खा, ज्यांच्या घरी काही नाही त्यांना वाटा पाठवा; कारण परमेश्वराविषयीचा आनंद हेच तुमचे सामर्थ्य आहे. या ठिकाणी सामर्थ्य या अर्थी जो हिब्रू शब्द आहे, 'माओज', त्याचा अर्थ गड, दुर्ग, आश्रयाची तटबंदी असा होतो. आनंद हे गड जिंकल्यावरचे बक्षीस नव्हे. आनंद हाच गड!

नाशिककरांना गडाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. शहराच्या उत्तरेस रामशेज उभा आहे. १६८२ साली औरंगजेबाच्या सैन्याने त्याला वेढा घातला, तो कित्येक वर्षे चालला. एकामागून एक सरदार आले, पण मूठभर शिबंदीने गड झुंजवला. गडामुळे शत्रू आलाच नाही, असे घडले नाही. शत्रू आला, तोफा आल्या, उपासमारीची भीती आली. गडाने एवढेच केले, की आतल्या माणसांना उभे राहण्यास जागा दिली. शिबंदीवाचून मात्र गड म्हणजे नुसता दगडांचा ढीग. काचेच्या कपाटात मिटून ठेवलेले बायबल हा असा शिबंदी नसलेला गड होय.

ताईत आणि तटबंदी यांतील हा भेद प्रभू येशूने अरण्यात स्पष्ट केला. सैतानाच्या तिन्ही मोहांना त्याने अनुवाद ग्रंथातील वचनांनी उत्तर दिले. नाझरेथच्या घरात, मातेच्या मांडीवर शिकलेले शब्द तेथे कामी आले. परंतु सैतानही शास्त्रवचन बोलला, हे आपण विसरतो. त्याने वापरले ते एक्क्याण्णवावे स्तोत्र, आपल्या चौकटीवरचे संरक्षणाचे स्तोत्र! उडी टाक, देवदूत झेलतील, असा त्याने त्याचा अर्थ लावला. वचनाचा असा ताईत करण्यास येशूने नकार दिला. पुढे क्रूसावर त्याच्या मुखी बाविसावे स्तोत्र होते. त्या शब्दाने त्याला मरणापासून वाचविले नाही; पण अंधारातही तो पित्याशीच बोलत राहिला. वचनाचे रक्षण म्हणतात ते हेच, असे आम्हांला वाटते. ते रोगापासून हमखास वाचविणारे कवच नव्हे. आपण देवाशी बोलणे सोडून द्यावे, माणुसकी सोडावी, दवेगासारखे कठोर व्हावे, यापासून ते राखते.

मग त्या ताईंनी बायबल मिटले, ते चुकले काय? येथेही थोरल्या भावंडांकडून एक गोष्ट शिकता येते. यहुदी नियमाप्रमाणे शोकाच्या पहिल्या सात दिवसांत तोराचे अध्ययन करीत नाहीत. मंदिराच्या नाशाच्या स्मरणदिनी, ज्याला बेने इस्राएल बिरड्याचा सण म्हणतात, त्या दिवशीही करीत नाहीत. का? तर अध्ययनाने अंतःकरण आनंदित होते! त्या दिवसांत ईयोबाचा ग्रंथ वाचावा, यिर्मयातील दुःखाचे भाग वाचावेत, एवढीच मुभा. शोकाला त्याचा काळ देणारी ही केवढी समंजस परंपरा! त्या ताईंना 'वाचा, वाचा' म्हणून आग्रह करणारी आपली मंडळी चांगल्या हेतूनेच बोलत होती. पण आनंद हुकमाने येत नसतो.

सुमारे दोन वर्षांनी त्यांच्या घरी पुन्हा जाणे झाले. बायबल कपाटाबाहेर होते. ईयोबापासून सुरुवात केली, असे त्या म्हणाल्या; कारण तो देवाशी भांडतो. पुढे नातवाने बलामाच्या बोलणाऱ्या गाढवीची गोष्ट तीनदा वाचायला लावली आणि हसून हसून लोळण घेतली. "तेव्हा कितीतरी दिवसांनी मीसुद्धा हसले," त्या म्हणाल्या. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळाले, असे आम्ही म्हणणार नाही. त्याही म्हणत नाहीत. परंतु प्रश्न घेऊन बसण्यासाठी त्यांना पुन्हा जागा मिळाली आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सर्व श्रद्धावंतांना पवित्र शास्त्राच्या वाचनाचे आवाहन केले. ते आपण कर्तव्य म्हणून ऐकले. आता आनंद म्हणून ऐकू या. रात्री जेवणानंतर पाव तास पुरे. मोठ्याने वाचावे, मुलांना मध्येच प्रश्न विचारू द्यावेत, उत्तर येत नसल्यास 'मलाही ठाऊक नाही' असे म्हणावे, हसू आले तर हसावे. संकट येईल तेव्हा येईल. ते येईल त्या दिवशी गडावर शिबंदी असावी, एवढेच आपल्या हाती आहे.