देव अज्ञान, पालनकर्ता शिपाई

माणसाचे पाय बाजारात दुखत नाहीत, लग्नाच्या पंगतीत वाढताना दुखत नाहीत, पण संग्रहालयात शिरल्यावर पाचव्या मिनिटाला दुखू लागतात. यामागे काही शास्त्रीय कारण असलंच पाहिजे. नागपूरच्या अजब बंगल्यात मी दर वेळी पुतळ्यांपेक्षा बाकांचाच अभ्यास अधिक केला आहे. हे संग्रहालय 1863 सालचं, त्यामुळे तिथले काही बाकही ऐतिहासिक असावेत अशी माझी समजूत आहे. आमच्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिनखिनीला सापडलेल्या जैन धातुमूर्ती त्याच संग्रहालयात आहेत. गावाकडची माणसं परक्या शहरात मोठ्या हुद्द्यावर भेटावीत, तसं त्यांना पाहून वाटतं. आपण हात जोडतो, आणि ते आपल्याला ओळखत नाहीत.

पण आज सांगायचं आहे ते इतक्या मोठ्या संग्रहालयाबद्दल नाही. अमरावतीच्या एका महाविद्यालयात इतिहास विभागाच्या मागे एक खोली आहे. तिच्या दारावर ‘कला व पुरावस्तु संग्रहालय’ अशी पाटी आहे आणि पाटीपेक्षा मोठं कुलूप आहे. मागल्या वर्षी आमचे पुण्याचे साडू आले होते, त्यांना मी ही खोली दाखवायला नेलं.

साडूंचं असं झालं होतं, की ते नुकतेच मुलाकडे लंडनला जाऊन आले होते. आल्या आल्या म्हणाले, “अहो, तुमच्या अमरावतीची काय अप्रतिम शिल्पं आहेत ब्रिटिश म्युझियममध्ये! आणि तुम्ही कधी बोलला नाहीत!” वास्तविक ती शिल्पं आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची. 1797 मध्ये कर्नल मॅकेन्झी तिथे पोचला, 1845 मध्ये वॉल्टर एलियटनं खणून बरंच काही काढलं, आणि त्यातलं पुष्कळसं पुढे बोटीनं लंडनला गेलं. आमच्या अंबानगरीचा त्या प्रकरणात काडीचा संबंध नाही. पण पुण्याच्या माणसाकडून अमरावतीची स्तुती आयुष्यात किती वेळा ऐकायला मिळते? मी दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी सौभाग्यवतीनंच फोड केली. तेव्हा साडू म्हणाले, “मग इथल्या अमरावतीत पाहण्यासारखं काय आहे?” हा प्रश्न इतक्या निर्मळ मनानं विचारलेला होता, की मी तडक त्यांना त्या खोलीकडे घेऊन गेलो.

किल्ली शिपायाकडे, शिपाई चहाला, चहा फाटकापलीकडे. अर्ध्या तासानं दार उघडलं. आत दोन कपाटं, नाण्यांची एक पेटी, खापरांचे तुकडे, कुणीतरी दिलेली तलवार, आणि कोपऱ्यात चौथऱ्यावर एक हातभर उंचीची काळ्या दगडाची स्त्रीमूर्ती. नाक तुटलेलं, एक हात कोपरापासून नाही. खाली चिठ्ठी: ‘देवी (?). अंदाजे 12वे शतक. खंडित.’

साडू चष्मा पुसून पुढे झाले. “वा! कमरेची ही लय पाहा. हेमाडपंती काळातली दिसते.” मी म्हटलं, हेमाडपंत 13व्या शतकातले. आमच्या अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळीचं हेमाडपंती देऊळ आहे, त्यातला शिलालेख 12व्या शतकातला आहे. म्हणजे हेमाडपंत जन्मायच्या आधीच देवळानं त्यांचं नाव लावलं. साडूंनी मूर्तीचे चार फोटो घेतले आणि ते तलवारीकडे वळले. मी मात्र तिथेच उभा राहिलो. कारण त्या चिठ्ठीतलं प्रश्नचिन्ह माझ्या हस्ताक्षरातलं आहे, आणि ती बाई मीच इथे आणली आहे.

ही 1979 सालची गोष्ट. अमरावतीला तेव्हा विद्यापीठ नव्हतं, ते 1983 मध्ये आलं. आम्ही नागपूर विद्यापीठाखाली होतो आणि मी नवा कोरा अधिव्याख्याता होतो. नव्या अधिव्याख्यात्याला जग वाचवण्याची घाई असते. मूर्तिजापूरपासून दोन कोसांवर आमचं गाव. गावाबाहेर निंबाखाली मरीमाय. पिढ्यान् पिढ्या शेंदूर लावून लावून तिचा एक लालभडक गोळा झाला होता. डोळे म्हणून दोन चांदीचे ठिकरे चिकटवलेले. त्या गोळ्याला मागच्या बाजूनं एक खपली निघाली होती आणि तिथून कोरीव केसांचा अंबाडा डोकावत होता. झालं! मला काही सुचेना. मूर्तिचोरांच्या बातम्या येत होत्या. 1972 मध्ये पुरावस्तूंचा नवा कायदा झाला होता, तो मला कलमांसकट पाठ होता. आणि मला वाटलं, आपण हिला वाचवलं पाहिजे.

गावात बैठक झाली. मी हजार वर्षांचा इतिहास वीस मिनिटांत सांगितला. तरणी पोरं खूश झाली, म्हातारे गप्प राहिले. एकट्या आत्यानं तोंड उघडलं. “नेतं तं ने बाबू. पन तिथं तिले पानी कोन घालन?”

मी हसलो. संग्रहालयात पाणी घालत नाहीत, उलट पाण्यापासून जपतात, असं काहीसं बोललो. आत्या गाडगेबाबांच्या कीर्तनाला जाऊन आलेली बाई. दगडात देव नाही हे बाबांचं म्हणणं तिला तंतोतंत पटलेलं होतं. त्या रात्री ती ते पटवून घेऊन घरी आली आणि सकाळी नेहमीप्रमाणे तांब्या घेऊन मरीमायकडे गेली, असं माझे वडील सांगायचे. अशा माणसाशी वाद कसा घालायचा?

मूर्ती पोत्यात बांधून एसटीत चढवली. दोघांनी उचलावी लागली. कंडक्टरनं पोत्याचं तोंड उघडून पाहिलं, शेंदूर पाहिला, आणि मला विचारलं, “सर, हे सामान हाये का सवारी?”

तुम्हाला सांगतो, तत्त्वज्ञानाचे ग्रंथ मी पुढे पुष्कळ वाचले. पण या प्रश्नाइतका नेमका प्रश्न कुठे सापडला नाही. सामान म्हणावं, तर शेजारच्या बाईनं पाय वर घेऊन हात जोडले होते. सवारी म्हणावं, तर मी इतिहासाचा प्राध्यापक. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो. कंडक्टरनं थोडा विचार केला आणि अर्धं तिकीट फाडलं.

त्या अर्ध्या तिकिटाचा अर्थ मला फार उशिरा कळला. आपल्या न्यायालयांच्या दृष्टीनं देव ही कायदेशीर व्यक्ती आहे. तिच्या नावावर शेत असू शकतं, ती दावा लावू शकते. पण ही व्यक्ती कायमची अज्ञान, म्हणजे वयात न आलेली! आपल्या सातबाऱ्यावर लहान पोराच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लिहितात ना, अज्ञान पालनकर्ता अमुक, तसाच देवालाही कुणीतरी पालनकर्ता लागतो. युगं संपतात, पण देवाची अठरा वर्षं काही पूर्ण होत नाहीत. तमिळनाडूत पाथूर गावी 1976 मध्ये एका मजुराला जमिनीत नटराज सापडला. तो चोरवाटेनं लंडनला पोचला. तिथे कोर्टात जे वादी उभे राहिले, त्यांत पडक्या देवळातलं शिवलिंगही होतं. इंग्रज न्यायाधीशांनी ते सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं, आणि 1991 मध्ये नटराज भारतात परत आला. लंडनच्या कोर्टाला जे समजायला वर्षं लागली, ते आमच्या मूर्तिजापूरच्या कंडक्टरला एका नजरेत कळलं होतं: सवारी आहे, पण अज्ञान आहे, अर्धं तिकीट.

आता पालनकर्त्याचं काम काय? अज्ञानाचं हित पाहणं. मी ते पाहिलं की नाही, हा माझा खरा प्रश्न आहे.

माझ्या बाजूनं बोलायचं तर असं. आठ दिवस हलक्या हातानं मी तो शेंदूर उतरवला. पहिल्यांदा कर्णफुलं दिसली. मग गळ्यातला हार. मग ओठ, आणि ओठांच्या कडेला अगदी किंचित हसू. कुण्या अनाम कारागिरानं ते हसू कोरलं, आणि ज्यांनी तिच्यावर सर्वांत जास्त प्रेम केलं त्यांनीच ते शेंदराखाली पुरून टाकलं! शेकडो वर्षं रोज तिच्याकडे येणाऱ्या एकाही माणसाला ती हसते आहे हे माहीत नव्हतं. ते मी बाहेर काढलं. हे पुण्य नव्हे काय?

दोन वर्षांनी आत्या मोतीबिंदू काढायला अमरावतीला आली. पट्टी सुटली, नवा चष्मा आला, आणि तिनं पहिली मागणी केली, “मायले भेटव.” मी मोठ्या उत्साहानं तिला खोलीत नेलं. आता आत्या ते हसू पाहील आणि मला शाबासकी देईल, अशी माझी खात्री होती. आत्या बराच वेळ पाहत राहिली. मग ‘स्पर्श करू नये’ या पाटीखालीच तिनं मूर्तीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “किती वायली वं माय तू!”

वायली म्हणजे वाळली, रोडावली. चार-चार बोटं शेंदूर उतरल्यावर दुसरं काय दिसणार? मी तिला कर्णफुलं दाखवली, हसू दाखवलं. आत्यानं ऐकून घेतलं. माहेरवाशीण सासरी कितीही सुखात असली तरी आईला तिचे फक्त हातच बारीक झालेले दिसतात, तशातला तो प्रकार.

मग मला वाटू लागलं, की नेमकं पाहिलं कुणी? मी तिचा चेहरा पाहिला, पण माझ्या लेखी ती ‘अंदाजे 12वे शतक’ होती. आत्यानं चेहरा कधीच पाहिला नव्हता, पण ती वाळली हे तिला कळलं. वस्तू ज्याला समजते त्याची, की ज्याला तिची काळजी वाटते त्याची? 1878 चा निखात निधीचा कायदा सांगतो, जमिनीत दडलेलं दहा रुपयांवरचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवा. दहा रुपयांच्या खालचं आणि दहा रुपयांत न मावणारं कुणाला कळवायचं, याबद्दल कायद्यात काही नाही.

पुढे मला पश्चात्ताप झाला. पश्चात्ताप झालेला प्राध्यापक हा उत्साही प्राध्यापकापेक्षाही गावाला जास्त त्रासदायक. मी सरपंचाकडे गेलो आणि म्हटलं, मूर्ती परत आणायची खटपट करतो. त्यानं मला निंबाखाली नेलं. तिथे दुसरी मरीमाय होती! नाल्यातला एक गोल गोटा, त्याला ताजा शेंदूर, चांदीचे डोळे तेच, लिंबं, नारळाच्या शेंड्या, सगळं यथास्थित. मी गेल्यावर आठ दिवसांत हिची स्थापना झाली होती, आणि ही नवसाला थोडी जास्तच पावते असं मत होतं. सरपंच म्हणाला, “तिले परत कायले आनता सर? दोघी झाल्या तं भांडतीन.”

गावाचं काहीच अडलं नव्हतं. माझ्या अपराधाची गावात कुणाला गरजच नव्हती. अडलं होतं फक्त आत्याचं. तिनं नव्या मरीमायला नमस्कार केला, पाणी घातलं, पण अमरावतीला जाणारा कुणीही भेटला की ती सांगायची, “मायले भेटून ये बापा.” मी भेटत असे. तिला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तरी नवरात्रात अंबादेवी-एकवीरेचं दर्शन झालं की पाय या खोलीकडे वळतात. इथे ते दुखत नाहीत, एवढं कबूल केलं पाहिजे.

या विचारात असताना साडूंनी हाक मारली. “अहो, हे काय?” मूर्तीच्या मागे, भिंतीच्या बाजूला, दिसू नये अशा बेतानं एक जास्वंदीचं फूल ठेवलेलं होतं. ताजं. मी शिपायाकडे पाहिलं. तो खाली पाहू लागला.

“नियमात बसत नाई सर, माहीत हाये,” तो म्हणाला. “झाडायले रोज येतो. पह्यले नुसतं झाडून जात होतो. आता वयख झाली.”

“पाणी?” मी विचारलं.

“पानी नाई घालत. ओल्या फडक्यानं पुसतो. चालते ना?”

साडूंनी विज्ञाननिष्ठ चेहऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. दगडाला ओलं फडकं चालतं की नाही, हे मला माजी प्राध्यापक म्हणून सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर इतक्या वर्षांनी एका फडक्यात सापडलं होतं, ते माझ्या तोंडानं नियमबाह्य ठरवणं जिवावर आलं. गाडगेबाबांनाही त्या फुलाबद्दल काय वाटलं असतं कोण जाणे, पण रोजच्या झाडूबद्दल त्यांनी त्या माणसाच्या पाठीवर हात ठेवला असता, यात मला शंका नाही.

निघताना भेटवही पुढे आली. गेल्या पाच वर्षांत नोंदी तेवीस, त्यातल्या अकरा माझ्याच. नाव, गाव, हुद्दा, आणि शेवटचा रकाना ‘भेटीचा उद्देश’. अकराही वेळा मी तिथे ‘अभ्यास’ असं लिहिलं होतं. साडूंनीही ‘अभ्यास’ लिहिलं. मी पेन घेऊन थोडा वेळ थांबलो आणि लिहिलं, ‘नात्यातली आहे.’

शिपायानं वही फिरवून घेतली, वाचली.

“असं लिहिलं तं चालते का सर?”

“अहो, ही वही वाचतो कोण!”

“मी वाचतो ना,” तो म्हणाला, आणि त्यानं पाटीपेक्षा मोठं ते कुलूप लावलं.