पराभव निश्चित असता

पराभव निश्चित दिसत असता उमेदवाराने रिंगणात राहावे काय, हा प्रश्न राजनीतीचा असण्यापूर्वी धर्माचा आहे. अमेरिकेत १९७२ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी ब्रुकलिनच्या कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी शर्ली चिशोल्म उभ्या राहिल्या, तेव्हा खजिना रिता, पक्षातील मातब्बर उदासीन, आणि ज्यांच्या पाठिंब्याची स्वाभाविक अपेक्षा धरावी त्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांपैकी कित्येक जण प्रतिस्पर्धी उमेदवार मॅकगव्हर्न यांच्याकडे वळलेले, अशा स्थितीतही त्या मायामी बीचच्या अधिवेशनापर्यंत टिकल्या व सुमारे १५२ प्रतिनिधींचा कौल त्यांनी मिळवला.

फलासक्तीचा त्याग म्हणजे फलाविषयी बेफिकिरी, हा आपल्याकडील रूढ समज मला सर्वथा अग्राह्य वाटतो. चिशोल्मबाई एकेका प्रतिनिधीसाठी झटत होत्या, दूरचित्रवाणीवर स्थान मिळावे म्हणून त्यांनी रीतसर दादही मागितली. अनासक्ती दिसली ती अन्यत्र. त्यांचे प्रतिस्पर्धी व वर्णविभेदाचे कट्टर पुरस्कर्ते जॉर्ज वॉलेस मे महिन्यात गोळीबारात जायबंदी झाले, तेव्हा स्वतःच्या समर्थकांचा रोष पत्करून त्या रुग्णालयात गेल्या. तुमचे लोक काय म्हणतील, असे वॉलेस यांनी विचारता, ते ठाऊक आहे, पण तुमच्यावर ओढवले ते कोणावरही ओढवू नये, असे त्या म्हणाल्या. पुढे घरकाम करणाऱ्यांना किमान वेतन मिळवून देण्याच्या प्रयत्नात वॉलेस यांनी दक्षिणेतील लोकप्रतिनिधींची मते वळवण्यास साहाय्य केले, असे चिशोल्मबाई सांगत; परंतु त्या भेटीचे समर्थन या उत्तरफलावर उभारणे मला मान्य नाही, कारण रुग्णशय्येपाशी उभ्या असता ते त्यांना दिसत नव्हते.